हॉकीतील सूर

हॉकीचा संघ उभारताना पहिला माणूस कोणत्या जागेसाठी निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गोल करणारा डोळ्यांत भरतो. म्हणून बहुतेकांचे मत सेंटर-फॉरवर्डकडे झुकते, आणि ध्यानचंदांचे नाव उच्चारले की वादच मिटतो. मला मात्र माढ्याकडील एखाद्या आट्यापाट्या खेळलेल्या वृद्ध गृहस्थाचा कौल अधिक मोलाचा वाटतो. हॉकीची काठी त्याने कधी हाती धरली नसेल. पण डाव मांडावयाचा तर सूर कोण, हे तो आधी विचारील.

आडव्या पाट्या राखणाऱ्या प्रत्येक गड्याच्या वाट्याला एकच पाटी येते. सूर तेवढा मधल्या उभ्या पाटीने कपाळपाटीपासून लोणपाटीपर्यंत धावतो. कोंडी होते ती त्याच्यामुळे. तो मंद निघाला तर बाकीचे कितीही चपळ असोत, खेळणारे सुखाने पार होतात. जुन्या हॉकीत पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन व गोलरक्षक अशी मांडणी असे. त्या तिघांतला मधला सेंटर-हाफ म्हणजे हॉकीतला सूर. प्रतिपक्षाचा चेंडू अडवावयाचा त्यानेच आणि तोच चेंडू आपल्या पुढच्या फळीस पुरवावयाचाही त्यानेच.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला हिंदी संघाने २९ गोल केले, त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या संपूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही, याचे श्रेय गोलरक्षक ॲलन यांच्याबरोबर सेंटर-हाफ पिनिगर यांनाही द्यावयास नको काय?

१९३६ ची हकीकत तर याहून बोलकी आहे. बर्लिनला पोहोचताच सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपणांस ४-१ असे हरविले. ध्यानचंद संघात होते, कर्णधार होते, आणि तरीही हरविले! तेव्हा हिंदुस्थानात तार गेली ती दारा यांच्यासाठी. दारा हे इनसाइड-राइट, म्हणजे हाफच्या फळीकडून आलेला चेंडू मध्यावर पोहोचविणारे. ते विमानाने आले, उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल झाले, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. त्या दिवशी उजव्या हाफच्या जागी आपल्या मुंबई इलाख्याचे बाबू निमल खेळले. त्यांचे नाव आज किती घरांत माहीत आहे? उणीव कोठे होती, हे खुद्द जगातल्या सर्वश्रेष्ठ सेंटर-फॉरवर्डच्या संघानेच अशा रीतीने सांगून ठेवले आहे.

१९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला तेव्हा विजयाचा गोल ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी केला. पण कर्णधार अजितपाल सिंग सेंटर-हाफ होते. पुढच्याच वर्षी माँट्रिअलला कृत्रिम हिरवळ आली व आपण सातवे झालो. कालांतराने ऑफसाइडचा नियमही गेला आणि जुनी मांडणी मोडली.

आता आपल्या खडकीच्या धनराज पिल्ले यांच्याविषयी बोलणे प्राप्त आहे. १९९२ ते २००४ या चार ऑलिंपिकांत लोकांची सारी आशा या एका आघाडीच्या खेळाडूवर होती. १९९८ साली बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक आले, ही गोष्ट लहान नव्हे. ऑलिंपिकमध्ये मात्र सातवा, आठवा, पुन्हा सातवा, पुन्हा सातवा! दोष धनराजांचा नव्हता. त्यांच्या पायांचा वेग पाहून मागच्या मधल्या जागेकडे बघावयाचे राहून गेले, असे माझे मत आहे.

२०२१ साली टोकियोत ४१ वर्षांनी पदक आले. कर्णधार मनप्रीत सिंग मधल्या फळीतले. २०२४ साली पॅरिसला पुन्हा कांस्यपदक मिळाले. त्या वेळी मात्र १० गोल करणारे कर्णधार हरमनप्रीत सिंग हे मागच्या फळीचे, आणि त्यांचे बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नर व स्ट्रोकवरचे. आट्यापाट्यांत याला जोड नाही. येथे माढ्याच्या त्या गृहस्थांनाही जरा विचार करावा लागेल.