फोर्जेट साहेब आणि १८५७ ची मुंबई

ताडदेवला फोर्जेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. मुंबईत साहेबांची नावं असलेले रस्ते काही कमी नाहीत, आणि आपण त्यांच्याकडे लक्षही देत नाही. पण हा फोर्जेट जरा वेगळा. मागचे दोन वीकेंड मी याच माणसाच्या मागे लागलो होतो, म्हणून आजचा लेख.

१८५७ म्हटलं की आपल्याला मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी आठवतं. फार तर ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने केलेलं बंड. मुंबईत काय झालं? शाळेच्या पुस्तकानुसार काहीच नाही! पण "काहीच झालं नाही" आणि "होता होता राहिलं" यात फरक असतो, हे सपोर्टच्या नाईट शिफ्ट केलेल्या कुणालाही सांगायला नको.

तेव्हाची मुंबई म्हणजे दक्षिणेकडचं बेट. मी राहतो ते घोडबंदर साष्टीच्या उत्तर टोकाला, खाडीकाठी. इथला किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, नंतर साष्टीसकट इंग्रजांकडे गेला. इथून मुंबईत शिरायचं तर माहीम किंवा शीवची खाडी ओलांडावी लागे. अशा बेटावर गोरे शिपाई जेमतेम चारशे आणि देशी पलटणी तीन: १० वी, ११ वी आणि मरीन बटालियन. आता हिशोब तुम्हीच करा.

चार्ल्स फोर्जेट १८५५ पासून मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख. जन्म हिंदुस्थानातला, घराणं अँग्लो-इंडियन. मराठी आणि हिंदुस्थानी अस्खलित. वेष बदलून बाजारात फिरायचा, लोकांच्या गप्पा ऐकायचा. तो भंग्याच्या वेषात गव्हर्नरच्या बंगल्यात पहारेकऱ्यांना चकवून शिरला, अशी एक गोष्ट सांगतात. खरीखोटी माहीत नाही, पण शहरात त्याच्याबद्दल काय बोललं जायचं ते यावरून कळतं.

ऑगस्टच्या शेवटी मोहरम आला. लष्करप्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट यांचा संशय शहरातल्या लोकांवर. म्हणून गोरे सैनिक आणि पोलीस शहरभर थोडे थोडे पेरायचं ठरलं. फोर्जेटचं म्हणणं नेमकं उलटं होतं. दंगा झालाच तर पलटणींतून होईल, गावातून नाही. त्याने गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनला स्पष्ट सांगितलं की मी हा हुकूम पाळणार नाही, माझी माणसं पलटणींच्या जवळ एकत्र ठेवणार. एल्फिन्स्टनने त्याला अडवलं नाही.

आणि झालं तसंच. १० व्या पलटणीतल्या एका दारू प्यायलेल्या ख्रिस्ती ड्रमरने मिरवणुकीतली देवाची मूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला धरलं, तर पलटणीतले शिपाई येऊन त्याला सोडवून घेऊन गेले, वर पोलिसांनाही धरून नेलं. फोर्जेट घोडा फेकत आला. आत शिपाई खवळलेले, त्यांचे गोरे अधिकारी तलवारी उपसून त्यांना अडवतायत आणि फोर्जेटला "जा इथून" म्हणून ओरडतायत. हा हलला नाही. तेवढ्यात त्याचे पन्नासेक युरोपियन पोलीस पोचले आणि प्रकरण निवळलं. ही हकीकत मुख्यतः त्याच्या स्वतःच्या सांगण्यातून आली आहे, तेव्हा चवीपुरतं मीठ घालून घ्या.

खरा कट यानंतर उघडकीला आला. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमत. फोर्जेटने आधी गंगाप्रसादला उचलून बोलतं केलं, मग शेजारच्या खोलीतून भिंतीच्या भोकाला डोळा लावून बैठका पाहिल्या, ऐकल्या. बेत असा, की दिवाळीत उठाव करायचा. लष्करी अधिकारी विश्वास ठेवेनात, म्हणून मरीन बटालियनच्या मेजर बॅरोला त्याने त्याच भोकापाशी आणून बसवलं. समोर बॅरोचीच माणसं होती!

१५ ऑक्टोबर १८५७ ला, दिवाळीच्या तोंडावर, एस्प्लनेडच्या मैदानावर मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. तेरा वर्षांच्या एका पारशी शाळकरी मुलाने ते पाहिलं आणि म्हातारपणी लिहून ठेवलं. तो मुलगा म्हणजे दिनशा वाच्छा, १९०१ च्या काँग्रेसचे अध्यक्ष.

इथे मी अडकतो. फोर्जेट आपल्या कामात हुशार होता, यात वाद नाही. धोका कुठे आहे हे लष्कराला दिसलं नाही ते याला दिसलं, कारण याला लोकांची भाषा येत होती. नाना शंकरशेट यांच्यावर नानासाहेब पेशव्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला, तेव्हा चौकशी याच फोर्जेटने केली आणि ते निर्दोष ठरले. म्हणजे ज्या कानांनी मुंबईच्या एका मोठ्या माणसाला वाचवलं, त्याच कानांनी दोघांना तोफेपुढे नेलं. आपली भाषा येणारा माणूस आपलाच असतो असं आपण किती सहज धरून चालतो, नाही?

फोर्जेटचं कौतुक इंग्रजांइतकंच इथल्या शेटियांनीही केलं. शहर लुटलं गेलं नाही, धंदा वाचला. त्यांची भीती मला समजते. पण ज्या दोघांकडे ना पेढी होती ना बंगला, त्यांच्या वाट्याला दीडशे वर्षं साधी पाटीही आली नाही.

सीएसएमटीजवळचं अमर जवान स्मारक त्या दोघांच्या आठवणीत उभारलेलं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आझाद मैदानाजवळच्या दंगलीत त्याची मोडतोड झाली, तेव्हा तो फोटो सगळ्या पेपरांत आला. स्मारक नेमकं कुणाचं, हे किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

ताडदेवच्या रस्त्याचं नाव बदला असं मी म्हणणार नाही. ते राहू दे, म्हणजे कोणीतरी विचारेल, हा फोर्जेट कोण? फक्त उत्तर देताना सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया ही दोन नावंही सांगायची. एवढं जमेल आपल्याला.