चिंचेला विटाळ नव्हता, पाण्याला होता

माघ सरत आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात चिंचांचे गुत्ते सुरू होतात. व्यापारी अख्ख्या झाडाचा सौदा करतो, मालकाला पैसे देतो आणि चिंचा उतरवायला गडी लावतो. गडी वर चढून फांद्या हलवतो, लांब काठीने शेंडे झोडतो. खाली बाया वेचतात. दोर नाही, पट्टा नाही. सगळा भरवसा पायाच्या बोटांवर.

आणि बोलणे अखंड चालू. खालून एखादी मावशी विचारते, "काय रे, वरून मुंबई दिसते का?" वरून उत्तर येते, "मुंबई नाई, मालकाची चूल दिसते. चहा ठेवेल नाई अजून!" मालक बांधावर बसून ऐकत असतो आणि गिळतो. तोंडावर जे बोलायची सोय नाही, ते फांदीवरून बोलून घेतले जाते. फांदी करकरली की वरचाच म्हणतो, "पडलो तर खांदा द्यायला खाली चार जण हायेतच." सगळे हसतात. या हसण्यालाही काम आहे: वरचा आवाज थांबला की खालच्यांच्या माना झटकन वर होतात.

आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे या थट्टेच्या मागची गोष्ट सांगतात. झाड उतरवून झाले की गड्याला तहान लागे. मालकाच्या घरून तांब्या येई, पण पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. त्याच हातांनी तोडलेली चिंच मात्र त्याच घरच्या आमटीत पडे. चिंचेला विटाळ नव्हता, पाण्याला होता. ज्या श्रमाचा फायदा आहे तो शुद्ध आणि श्रमिक अशुद्ध, हा हिशोब कोणत्या शास्त्रात बसतो ते सांगणाऱ्यांनी सांगावे.

मित्रांनो, पाण्याच्या या प्रश्नाला कायदेमंडळात तोंड फोडणारा माणूस झाडावर चढणाऱ्यांच्याच समाजातून आला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

कोकणात आणि मुंबईत माड-ताडाचा रस काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या भंडारी समाजाकडे होते. (हा समाज लष्करात आणि दर्यावरही होता, पण ती कथा वेगळी.) बुंध्याला पाय टेकण्यापुरत्या खाचा पाडायच्या, कोयता आणि मडके घेऊन वर जायचे, पोय बांधायची, हलके ठोकायची, टोकाचा पातळ काप काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, कारण काप ताजा ठेवला नाही तर रस आटतो. एकाच झाडावर दिवसातून एकापेक्षा जास्त खेपा, अशी कित्येक झाडे. इंग्रजांनी 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूवरची पकड आवळली. रस काढायला परवाना, झाडावर कर. म्हणजे जीव धोक्यात घालून वर चढायचे, आणि चढण्याचे पैसे सरकारलाच भरायचे!

इथे कोणी म्हणेल, पंचशील घेतलेली माणसे ताडीवाल्यांचे गुण कसे गाता? ताडीची भलामण आम्ही करत नाही. पण दारूचा नफा आणि काढणाऱ्याचा घाम एकाच मडक्यात मोजणे आम्हाला मान्य नाही.

या समाजातले सीताराम केशव बोले. बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा जी सत्काराची सभा झाली, तिचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांच्या हाती बुद्धचरित्र दिले. पुढे 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात बोल्यांनी ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेने या ठरावाच्या आधारे चवदार तळे कागदावर खुले केले, आणि कागदावरचा तो हक्क 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळीत घेतला. आपण दरवर्षी महाडला जातो. बोले ठरावाचे नाव घेतो, बोल्यांच्या समाजाच्या श्रमाचे घेत नाही. भंडारी अस्पृश्य नव्हते, आज ते ओबीसीत आहेत. तरीही पाण्याचा प्रश्न त्यांच्यातल्या एकाने आपला मानला. जात काम करणाऱ्यांना एकमेकांपासून तोडते, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. बोले आणि बाबासाहेब यांची सोबत हे त्या तोडण्याला दिलेले उत्तर होते. ओबीसी-दलित एकीवर नुसती भाषणे देणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

आता कायद्याकडे बघू. 1923 च्याच कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत ताड-माडाचा रस काढणाऱ्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आला. नारळ विकास मंडळाने माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' ही विमा योजना काढली. चिंचेवर चढणाऱ्याचे काय? आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू झाला तर 2 लाख रुपये मिळतात, पण खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. फांदी तीच, उंची तीच. सातबारा असलेला पडला तर अपघात, भूमिहीन पडला तर नशीब. आणि गावात भूमिहीन कोण, हे आम्ही सांगायला हवे का?

गुत्त्याचा हिशोब बघा: झाडे किती, सौदा कितीचा, उचल किती, सगळे असते. वर चढणाऱ्याचे नाव नसते. मेल्यावर व्यापारी म्हणतो, गडी माझा नव्हताच. म्हणून ग्रामसभेत गुत्त्यासोबत गड्यांची यादी मागा, भूमिहीनांना त्या योजनेत घ्या म्हणून ठराव करा. तोवर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी काढून घ्या. वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला 2 लाख.

मागच्या हंगामात हाच अर्ज घेऊन आम्ही एका चिंचेखाली उभे राहिलो. वारसदार कोण लिहू, असे ओरडून विचारले. वरून आवाज आला, "व्यापाऱ्याचं नाव लिवा! मेल्यावर तरी हिशोबाला येईन तो." बाया पोट धरून हसल्या. मग तो खाली उतरला, घाम पुसला, पाणी प्यायला, आणि बायकोचे नाव सांगितले.