मागचे इंजिन : बोरघाट आणि जुन्या प्रतिकृतीतला डिकोडर

१/ मुंबईकडून येणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या मागे इंजिने जोडली जातात. येथून मावळातील लोणावळ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटरची वाट बोरघाटाची. चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. मागून रेटणाऱ्या या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात.

२/ हा घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यानंतर लवकरच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले.

३/ वाफेच्या काळात पुढच्या आणि मागच्या इंजिनाच्या चालकांत शिट्ट्यांचे ठरावीक संकेत चालत. पुढचे इंजिन थांबले आणि मागचे रेटत राहिले, तर मधले डबे रुळांवरून उतरण्याचा धोका असे. गाडी एक, पण तिला चालवणारी डोकी दोन. घाटाची खरी अडचण हीच होती.

४/ १९३० पर्यंत कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट डीसी वीज आली. मालगाड्यांसाठी ४१ ‘डब्ल्यूसीजी-१’ इंजिने स्वित्झर्लंड व इंग्लंडमध्ये बांधली गेली. तीन भागांचे अंग आणि चाकांना जोडणारे दांडे असलेल्या या इंजिनाला रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत.

५/ आता हाच घाट टेबलावर उभा करून पाहावा. जुन्या प्रतिकृतींत वेग रुळांतील विजेच्या दाबावर ठरतो. साधारण १२ व्होल्टपर्यंतचा दाब वाढवला की त्या रुळांवरचे प्रत्येक इंजिन एकदमच वेग घेते. बँकर लोणावळ्यात सोडून फक्त गाडी पुढे न्यायची, तर रुळांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते. खऱ्या घाटात डोकी दोन होती. येथे एकही नाही.

६/ १९६३ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने ‘अ‍ॅस्ट्रॅक’ ही पद्धत आणली. एकाच रुळांवर पाच इंजिने वेगवेगळी चालवता येऊ लागली. पुढे जर्मनीतील बेर्न्ट लेन्झ यांच्या कामावर आधारलेली डीसीसी पद्धत १९९० च्या दशकात मानक ठरली. तिच्यात रुळांना वीज अखंड मिळते आणि त्याच विजेतून अंकीय आदेश धावतात. इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाचा आदेश उचलतो. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. तो बदलता येतो.

७/ जुन्या इंजिनात मात्र एक सापळा असतो. अनेकदा मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. तो संबंध न तोडता डिकोडर बसवला, तर तो क्षणात जळू शकतो. म्हणून आधी मोटर सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करतात व मीटरने खात्री करतात. चाके रोखून धरल्यावर मोटर किती प्रवाह ओढते, हेही मोजतात. जुन्या मोटरा १ अँपिअरहून अधिक मागू शकतात. मग जोडणी : लाल व काळी तार रुळांकडून, नारिंगी व करडी मोटरकडे. पहिली चाचणी नेहमी कमी प्रवाहाच्या प्रोग्रॅमिंग रुळावर.

८/ प्रश्न तारांपाशी संपत नाही. मूळ जोडणी एकदा कापली की ती वस्तू जशी घडली तशी उरत नाही. न कापावी, तर ती कपाटात बसते. खऱ्या घाटानेही हा निर्णय घेतला. डीसी जाऊन २५ किलोव्होल्ट एसी आले, तेव्हा केवळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांना घाटात जागा उरली नाही. खेकडा त्याआधीच निवृत्त झाला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात तो जसाच्या तसा उभा आहे, पण स्थिर.

९/ म्हणून जाणकार मधला मार्ग धरतात : काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपायचा, सांगाड्याला भोक पाडायचे नाही, जोडणीचे चित्र काढून ठेवायचे. उद्या कुणाला मूळ इंजिन हवे असेल, तर ते परत मिळावे. आणि तोवर बँकर लोणावळ्यात सुटून एकटाच कर्जतला उतरावा.