टूसॉनच्या मंडळीची सभा

परकीयास आपल्या देशांत थारा द्यावा कीं न द्यावा, हें राज्यकर्त्यांनीं ठरवावें. धर्मसंस्थेनें त्यांत पडूं नये, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कायद्याच्या अर्थाविषयींच जेव्हां मतभेद होतो, तेव्हां सामान्य नागरिकांनीं तो वाद कोठें बसून करावा? अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांत, टूसॉन शहरीं, १९८२ सालीं घडलेला प्रसंग या दृष्टीनें मननीय आहे.

१९८० सालीं मध्य अमेरिकेंतील एल् साल्वादोर देशांत यादवी पेटली. बारा वर्षांत सुमारें ७५,००० माणसें तिला बळी पडलीं. त्याच वर्षीं २४ मार्च रोजीं तेथील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांस, उपासना चालू असतांनाच, गोळी घालून ठार करण्यांत आलें. जीव वांचविण्यासाठीं लोक मेक्सिको ओलांडून ॲरिझोनाच्या वाळवंटांत शिरूं लागले. छळाची सयुक्तिक भीति असणारास आश्रय मिळावा, असा कायदा अमेरिकेनें त्याच सालीं केला होता. परंतु साल्वादोरचें सरकार अमेरिकेच्याच मदतीवर उभें होतें. सबब हे लोक छळामुळें नव्हे, दारिद्र्यामुळें आले, अशी सरकारची भूमिका ठरली. १९८४ सालीं त्यांचे शेंकडा तीन अर्जहि मंजूर झाले नाहींत.

टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जॉन फाइफ व क्वेकर पंथाचे जिम कॉर्बेट यांनीं या लोकांस मदत करण्यास आरंभ केला. पण चर्चमध्यें उघड आश्रय देणें म्हणजे सर्व मंडळीनें तुरुंगाचा धोका पत्करणें. म्हणून फाइफ यांनीं हा निर्णय मंडळीपुढें ठेविला. राजाज्ञा मानावी, हीहि ख्रिस्ती शिकवण. परक्याला जवळ करावें, हीहि तीच. १९८२ च्या जानेवारींत चर्चेअंतीं गुप्त मतदान झालें: अनुकूल ५९, प्रतिकूल २. मतदान गुप्त असल्यानें पाद्रीसाहेबांच्या भिडेस्तव कोणास होकार द्यावा लागला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. नंतर मंडळीनें देशाच्या महान्यायवाद्यांस पत्र लिहून आपला बेत आगाऊ कळविला आणि रोमेरो यांच्या स्मृतिदिनीं तो जाहीर केला. आपण कायदा मोडीत नसून, सरकारनें टाकून दिलेला कायदाच पाळीत आहों, असें कॉर्बेट यांचें म्हणणें होतें.

सरकारनें या पत्राचें उत्तर निराळ्या रीतीनें दिलें. भाविकांच्या वेषांत हेर पाठविले. त्यांनीं चर्चमधील संभाषणें चोरून ध्वनिमुद्रित केलीं. १९८५ सालीं खटला उभा राहिला. साल्वादोरमधील परिस्थिति व आरोपींची धर्मश्रद्धा यांविषयींचा पुरावा जूरीपुढें आणण्यास न्यायाधीशांनीं मनाई केली. ज्या प्रश्नावर मंडळीनें खल केला, तोच न्यायालयांत उच्चारणें अशक्य झालें! १९८६ च्या मे महिन्यांत फाइफ यांच्यासह आठजण दोषी ठरले, कॉर्बेट सुटले. दोषी ठरलेल्यांस मात्र तुरुंगवास न होतां देखरेखीची शिक्षा झाली.

पुढें १९९० सालीं कायदेमंडळानें साल्वादोरच्या लोकांस तात्पुरतें संरक्षण दिलें; आणि अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस व इतर धर्मसंस्थांनीं लढविलेल्या दाव्यांत, १९९१ सालच्या तडजोडीनें, फेटाळलेले अर्ज नव्यानें ऐकण्याचें सरकारनें मान्य केलें.

तेवढ्यानें त्या ५९ जणांचें मत सर्वस्वीं सिद्ध झालें असें म्हणण्याचें कारण नाहीं. सीमा राखणें हें राज्याचें कर्तव्यच आहे, आणि विरुद्ध मत देणाऱ्या दोघांची शंकाहि उपेक्षणीय नव्हती. परंतु राज्याच्या दोन दालनांत जो प्रश्न मोकळेपणानें ऐकला गेला नाहीं, तो एका लहानशा मंडळीनें उभय बाजूंनीं ऐकला आणि आपला निर्णय सहीनिशीं सरकारास कळविला. ज्यास सभेंत उघड बसतां आलें असतें त्यानें तेथें हेर धाडावा, यांत दुर्बळ पक्ष कोणता, हें सांगावयास नको.