एचआर आणि रिक्रूटर मंडळींसाठी उपयोगी वेबसाइट्स, ॲप्स आणि कम्युनिटी: कुठला प्रश्न कुठे विचारायचा?

बीकॉम, बीबीए किंवा एमबीए झालं आणि पहिली नोकरी लागली ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’ म्हणून. लहान कंपनीत या पदाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. भरती, हजेरी, पगारपत्रक, पीएफ, रजा, तक्रारी, सगळं तुमच्याच टेबलावर. शिकवायला वर कोणी सीनियर नसतो. मग आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि गुगल करतो.

गुगल करण्यात काही वाईट नाही. मी स्वतः पुण्यात भरतीचं आणि एचआरचं काम करते, आणि माझा अर्धा दिवस काही ना काही शोधण्यातच जातो. पण या कामात एक गोष्ट वेगळी आहे. मोबाइल कुठला घ्यावा हे चुकीचं वाचलं तर आपले पैसे जातात. एचआरमध्ये चुकीचं वाचलं तर दुसऱ्याच कोणाचे तरी पैसे जातात. कुणाची ग्रॅच्युइटी अडकते, कुणाचा पीएफ दोन खात्यांत विभागला जातो, कुणाला हक्काची रजा मिळत नाही. त्या माणसाला बऱ्याचदा कळतही नाही की हे का झालं.

म्हणून या लेखात नुसती साइट्सची यादी देत नाही. प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याचं उत्तर कुठे शोधायचं, अशी विभागणी करून सांगते. जवळपास सगळं मोबाइलवर चालतं आणि बरंचसं फुकट आहे.

१. कायद्याचा प्रश्न: थेट सरकारी साइटवर जा

कायदा, टक्केवारी, मर्यादा, मुदत यातलं काहीही असेल तर ब्लॉग, व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड हे शेवटचं उत्तर समजू नका. कारण हे आकडे बदलतात आणि जुनी पानं इंटरनेटवर तशीच राहतात.

एक साधं उदाहरण घ्या. ईएसआयमध्ये कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के, हा दर जुलै २०१९ पासून आहे. त्याआधी तो १.७५ आणि ४.७५ टक्के होता. जुने दर छापलेली पानं आजही सर्चमध्ये सापडतात. ती वाचून पगारपत्रक बनवलं तर दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून जास्त कपात होईल.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य. त्यांत २९ जुने केंद्रीय कायदे सामावले गेले. लगेच सोशल मीडियावर पोस्ट फिरायला लागल्या की ‘आता सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी!’ सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ उघडून वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या, म्हणजे फिक्स्ड टर्म कर्मचाऱ्यांना आहे. नेहमीच्या कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांची अट कायम आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ती अट लागत नाही. आता विचार करा, तुमच्या कंपनीतला एखादा मुलगा ती पोस्ट वाचून दीड वर्षात राजीनामा द्यायला निघाला, तर त्याला नेमकं सांगणारं कोण? तुम्हीच.

म्हणून या साइट्स बुकमार्क करून ठेवा:

- इंडिया कोड: केंद्राच्या आणि राज्यांच्या कायद्यांचा अधिकृत मजकूर इथे मिळतो. कलम क्रमांक माहीत असेल तर थेट तेच वाचता येतं.
- केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालय: संहिता, नियम आणि अधिसूचना इथे येतात. लक्षात ठेवा, केंद्राचे नियम वेगळे आणि राज्याचे वेगळे असू शकतात.
- ईपीएफओ आणि उमंग ॲप: पीएफसाठी. नवीन यूएएन आता सर्वसाधारणपणे उमंगवर आधारच्या फेस ऑथेंटिकेशनने, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरूनच काढायचा असतो. नवीन माणूस रुजू झाला की पहिला प्रश्न हाच विचारा, ‘आधीचा यूएएन आहे का?’ असेल तर तोच वापरायचा, दुसरा काढायचा नाही.
- ईएसआयसी: विमा क्रमांक, योगदान आणि जवळचा दवाखाना यांसाठी.
- शी-बॉक्स: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार नोंदवण्यासाठीचं केंद्र सरकारचं पोर्टल. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. ‘आमची कंपनी लहान आहे’ हे कारण चालत नाही.

महाराष्ट्रात काम करत असाल तर दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकाना-ऑफिसांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. आणि व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स. वरच्या टप्प्यात तो महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, वर्षाचे २,५०० होतात. फेब्रुवारीच्या पगारानंतर ‘शंभर रुपये जास्त का कापले?’ असा फोन येणार, हे धरून चाला.

२. अनुभवाचा प्रश्न: कम्युनिटीत विचारा

काही प्रश्नांची उत्तरं कायद्यात नसतात. नोटीस पीरियड न भरता माणूस गायब झाला, पत्राला उत्तर नाही. दोन सुपरवायझर एकमेकांशी बोलत नाहीत. ऑफर स्वीकारलेला उमेदवार जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही. इथे हवा असतो अनुभवी माणसाचा सल्ला.

साइटएचआर ही भारतातल्या एचआर मंडळींची जुनी आणि मोठी कम्युनिटी आहे. स्टँडिंग ऑर्डर, घरगुती चौकशी, कामगार कोर्ट यांत मुरलेली माणसं तिथे उत्तरं देतात. पत्रांचे नमुनेही भरपूर सापडतात. फक्त चर्चेची तारीख आधी बघा. दहा वर्षांपूर्वीचं उत्तर तेव्हा बरोबर असेल, आज असेलच असं नाही.

रेडिटवर एचआर आणि रिक्रूटिंगचे मोठे गट आहेत. मुलाखत, ऑफर, कामाचा ताण यावर मोकळी चर्चा वाचायला मिळते. पण बहुतेक लोक अमेरिकेतले. तिथे बऱ्याच ठिकाणी नोटीस न देता कामावरून काढता येतं, आपल्याकडे तसं नाही. त्यामुळे तिथून विचार घ्या, कायदा घेऊ नका.

लिंक्डइनवर अनुभवी एचआर प्रमुखांना फॉलो करणं उपयोगी पडतं. पण तिथे गोष्टी रंगवून सांगायची सवय जास्त. ज्यात नेमकी पद्धत सांगितली आहे तेवढंच सेव्ह करा.

प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी दोन संस्था माहीत असाव्यात. एनआयपीएम म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट. कोलकात्याची आणि मुंबईची अशा दोन जुन्या संस्था १९८० मध्ये एकत्र येऊन ती बनली. नॅशनल एचआरडी नेटवर्क १९८५ मध्ये सुरू झालं. दोन्हींच्या शहरवार शाखा आहेत आणि त्यांचे कार्यक्रम होतात. अडीअडचणीला फोन करता येईल अशी दोन माणसं तिथे भेटली तरी फी वसूल.

प्रश्न कसा विचारायचा? ‘कर्मचारी सोडून गेला, काय करू?’ याला नीट उत्तर मिळणार नाही. असं लिहा: राज्य महाराष्ट्र, कारखाना, साधारण ६० माणसं, कर्मचारी कायम, तीन वर्षं सर्व्हिस, १२ दिवस गैरहजर, एक पत्र पाठवलं, ते परत आलं. एवढं दिलं की समोरचा माणूस थेट मुद्द्यावर येतो. मात्र कर्मचाऱ्याचं नाव, फोटो, आजाराची माहिती किंवा पगाराची स्लिप कधीही टाकू नका.

३. शिकायचं असेल तर: फुकटातलं चांगलं

- स्वयम्: केंद्र सरकारचं शिक्षण पोर्टल. आयआयटीसारख्या संस्थांच्या प्राध्यापकांचे एचआरचे कोर्सेस इथे असतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी.
- गुगलचं रीवर्क: मुलाखत कशी घ्यायची, टीम कशी चालवायची यावरचे मोफत मार्गदर्शक.
- सीआयपीडी: ब्रिटनमधली १९१३ पासूनची संस्था. एकेका विषयावरची तिची माहितीपत्रकं सोप्या इंग्रजीत आणि मुद्देसूद असतात.
- एसएचआरएम: १९४८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिची प्रमाणपत्रं भारतातही ओळखली जातात, पण महाग आहेत. पहिल्याच वर्षी कर्ज काढून करायची गरज नाही.
- रिक्रूटिंग ब्रेनफूड: हंग ली यांचं आठवड्याला येणारं इमेल पत्र. जगभरात भरतीत काय चाललंय ते एका ठिकाणी कळतं.

यातली एकच गोष्ट आज शिकायची असेल तर ‘स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू’ शिका. एका पदासाठी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चांगलं उत्तर म्हणजे काय हे आधीच ठरवून गुण द्यायचे. ‘मुलगा स्मार्ट वाटला’ यावर निवड झाली की बोलका उमेदवार पुढे जातो आणि कामाला पक्का पण लाजाळू उमेदवार मागे राहतो. गावाकडून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींचं यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं.

४. उमेदवार शोधायचे असतील तर

नौकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, ऑफिसच्या पदांसाठी तिथे सर्वाधिक बायोडाटा मिळतात. त्यांचा रेझडेक्स हा डेटाबेस मात्र पैसे देऊन घ्यावा लागतो. डिलिव्हरी, टेलिकॉलर, हेल्पर, सेल्स अशा पदांसाठी अपना आणि वर्कइंडिया ही ॲप्स जास्त उपयोगी. सरकारी पर्यायांत केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि महाराष्ट्राचं महास्वयम् आहे. दोन्हीकडे कंपनी नोंदणी करून जागा टाकू शकते. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते. लहान कंपनीचं बजेट शून्य असेल तर सुरुवात इथून करा.

आता खरी युक्ती: बूलियन सर्च. शब्दांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत अँड, ऑर, नॉट हे शब्द टाकायचे. अँड म्हणजे दोन्ही हवेत, ऑर म्हणजे यातलं कुठलंही चालेल, नॉट म्हणजे हे नको. नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरण चिन्हांत ठेवायचा. लिंक्डइनवर हे चालतं. गुगलवर ‘नॉट’ऐवजी शब्दाला चिकटून वजा चिन्ह द्यायचं.

समजा, चाकणमधल्या कारखान्याला सीएनसी ऑपरेटर हवा आहे. नुसतं ‘सीएनसी ऑपरेटर’ टाकलं तर स्वतःला ‘व्हीएमसी ऑपरेटर’ किंवा ‘मशिनिस्ट’ म्हणवणारे सुटतात. तिन्ही शब्द ऑरने जोडा. गावाचंही तसंच. कोणी पुणे लिहितो, कोणी चाकण, कोणी भोसरी, कोणी पीसीएमसी, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. हे सगळे पर्याय एकदा लिहून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा, पुढच्या वेळी कॉपी-पेस्ट. यात खोल जायचं असेल तर ग्लेन कॅथी यांचं ‘बूलियन ब्लॅक बेल्ट’ आणि ‘सोर्सकॉन’ वाचा.

५. व्हॉट्सॲप-टेलिग्राम ग्रुप: वापरा, पण जपून

जागा कळवायला हे ग्रुप झटपट आहेत. पण दोनशे अनोळखी लोकांच्या ग्रुपवर कुणाचा बायोडाटा टाकू नका. त्यात नाव, नंबर, पत्ता, जन्मतारीख, कधीकधी आधारची प्रतही असते. फसवणूक करणाऱ्यांना एवढं पुरेसं असतं. मग त्याच मुलीला फोन येतो, ‘तुमचं सिलेक्शन झालंय, १,५०० रुपये रजिस्ट्रेशन भरा.’ तिच्याकडे बायोडाटाची नेमकी माहिती बोलली जाते, म्हणून तिचा विश्वासही बसतो.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यामुळे आत्ताच सवय लावा. बायोडाटा पुढे पाठवण्याआधी उमेदवाराला विचारायचं, आणि पद भरलं की फोनमधल्या फाइल्स काढून टाकायच्या. जाहिरातीत ‘कोणतीही फी नाही’ ही ओळ आणि कंपनीचा अधिकृत इमेल द्या. कोणी फसलं असेल तर त्याला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एआय चॅटबॉटला विचारलं तर चालेल का?
जाहिरातीचा मसुदा, मुलाखतीचे प्रश्न, इमेलची भाषा यासाठी जरूर. कायद्याच्या उत्तरासाठी कलम क्रमांक मागा आणि तो इंडिया कोडवर स्वतः तपासा. कर्मचाऱ्यांची खासगी माहिती त्यात टाकू नका.

इंग्रजी कच्चं असेल तर?
ब्राउझरमधलं भाषांतर वापरून सुरुवात करा. पण कलम वाचताना मूळ मजकूर शेजारी ठेवा. ‘शाल’ आणि ‘मे’ म्हणजे बंधन आणि मुभा, हा फरक भाषांतरात हरवू शकतो.

एवढं सगळं रोज बघायचं का?
नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास ईपीएफओ, ईएसआयसी आणि श्रम मंत्रालयाच्या नवीन सूचना बघा. बाकीचं गरज पडेल तसं.

शेवटी एक सोपी कसोटी सांगते. कुठलंही उत्तर वापरण्याआधी तीन गोष्टी बघा: तारीख कुठली, राज्य कुठलं आणि मूळ कलम किंवा परिपत्रक कुठलं. तिन्हींची उत्तरं मिळाली तर पुढे जा. नाही मिळाली तर समोरच्या कर्मचाऱ्याला सरळ सांगा, ‘उद्यापर्यंत बघून सांगते.’ पीएफ त्याचा आहे, एक दिवस तो नक्की थांबेल.