माजी वादकांनी नेमकं द्यायचं काय?

परवा आमच्या ढोल-ताशा पथकाच्या जुन्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. सध्या पथक चालवणाऱ्या पोरांपैकी एकाने लिहिलं होतं. वाद्यं ठेवायची पत्र्याची शेड गळतेय, जागामालकाने भाडं वाढवलंय, सराव सुरू व्हायच्या आत ढोलांची पानं बदलायची आहेत, जमेल ती मदत करा. ग्रुपवर आम्ही एकशे चाळीस जण. दहा मिनिटांत जुने फोटो सुरू झाले. कुणाचा लक्ष्मी रोडवरचा, कुणाचा अलका चौकातला. "काय दिवस होते राव!" रात्रीपर्यंत दोनशेच्या वर मेसेज पडले. त्यात मदतीचे चार. त्या चारांत मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या रात्री मला अमेरिकेतल्या ड्रम कोरची गोष्ट आठवली. गेली काही वर्षं मी त्यांचे व्हिडिओ बघतोय आणि मिळेल तसा त्यांचा इतिहास वाचतोय. आपल्याकडे यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

ड्रम कोर म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर संचलन करत वाजवणारं तरुणांचं पथक. त्यात मुख्यतः पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि ध्वज-रायफली फिरवणारा चमू असतो. बासरी, क्लॅरिनेट वगैरे नाही. दीडशेच्या आसपास मुलं-मुली अकरा-बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमासाठी अख्खा उन्हाळा घालवतात. बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात सराव करायचा आणि संध्याकाळी स्पर्धा. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी. वयाची अट कडक असते, साधारण एकविशी ओलांडली की बाहेर. म्हणजे ड्रम कोरमधला प्रत्येक जण ऐन उमेदीत 'माजी' होतो. दरवर्षी पथकाचे सगळ्यात तयार वादक बाहेर पडतात. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिचाच संबंध आहे.

याची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. १९१९ मध्ये अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली. युद्धावरून परतलेले लोक, हाताशी लष्करातले बिगुल आणि ड्रम. गावोगावच्या शाखांनी आपापली पथकं काढली, पुढे मुलांची पथकंही उभी केली. चर्च आणि स्काउटच्या तुकड्याही यात उतरल्या. खर्च, जागा, गणवेश हे सगळं या आश्रयदात्या संस्था बघायच्या. मुलांनी फक्त वाजवायचं.

साठच्या दशकाच्या शेवटी खटके उडू लागले. स्पर्धांचे नियम माजी सैनिकांच्या संघटना ठरवायच्या आणि पथकांच्या चालकांना त्यात फारसा आवाज नव्हता. कार्यक्रम कसा बसवायचा, गुण कसे द्यायचे, पैसे कसे वाटायचे, सगळ्यावर वाद. शेवटी १९७१ च्या सुमारास मोठ्या पथकांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, ड्रम कोर इंटरनॅशनल. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात तिची पहिली अंतिम स्पर्धा झाली आणि अ‍ॅनाहाइम किंग्समेन हे कॅलिफोर्नियाचं पथक जिंकलं.

स्वातंत्र्य मिळालं, पण डोक्यावरचं छप्पर हळूहळू गेलं. आश्रयदात्यांनी हात काढून घेतले, दौरे लांबले, डिझेल महागलं. एकेकाळी शेकडोंनी असलेली पथकं पुढच्या दोन-तीन दशकांत मोजकीच उरली. मग उरलेली कुणाची? सरकारची नाहीत, शाळेची नाहीत, चर्चची नाहीत. तशी पाहिली तर ती फक्त त्यांचीच, जी एकेकाळी त्यांत वाजवून गेली.

या माजी मंडळींनी काय काय केलं त्याचे तीन-चार नमुने सांगतो.

पहिला नमुना बोस्टनजवळच्या रिव्हिअर गावचा. ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स हे तिथलं पथक १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजलं होतं. १९८६ च्या हंगामानंतर ते बंद पडलं. १९९४ मध्ये अंतिम स्पर्धा बोस्टनजवळ भरली तेव्हा या पथकाचे माजी वादक पुन्हा गणवेश चढवून मैदानात उतरले. पोटं सुटलेली, केस पांढरे झालेले, पण सूर तेच. जुन्या चाहत्यांसाठी तो हळवा क्षण होता. पण स्पर्धेत उतरणारं मुलांचं पथक काही परत आलं नाही. आठवण जिवंत ठेवणं आणि संस्था जिवंत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरा नमुना वायोमिंगमधल्या कॅस्परचा. साठ हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, तेही अमेरिकेतल्या सर्वांत कमी लोकसंख्येच्या राज्यात. १९५७ मध्ये जिम जोन्स यांनी तिथे ट्रूपर्स हे पथक काढलं. जुन्या घोडदळाचा निळा गणवेश आणि मैदानावर उगवत्या सूर्याची रचना ही त्यांची ओळख. हे नवी संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक पथक. पण २००५ च्या हंगामानंतर पैसा आणि कारभार दोन्ही इतके ढासळले होते की खुद्द संघटनेनेच त्यांना २००६ मध्ये दौऱ्यावर येऊ नका, आधी घर आवरा, असं सांगितलं. इथे माजी सदस्य आणि गावकरी पुढे आले. यावेळी त्यांनी मैदानात उतरायचं नाही, ऑफिसात बसायचं ठरवलं. कारभाराची घडी नव्याने बसवणं, हिशेब, देणी, देणग्या, असली कंटाळवाणी कामं केली. २००७ मध्ये ट्रूपर्स परत आले. २००९ मध्ये ते अंतिम बारांत पोचले, १९८६ नंतर पहिल्यांदाच! मैदानावर अर्थातच विशीतली पोरं होती. ज्यांनी हे घडवलं ते बाहेर उभे होते.

आणि हेच सगळ्यात अवघड असतं, बाहेर उभं राहणं. बऱ्याच पथकांच्या दौऱ्यात आजही एक स्वयंपाकघराचा ट्रक असतो. पहाटे उठून शे-दोनशे जणांचा नाश्ता करणारे, अवजड ट्रक चालवणारे, फाटलेले गणवेश शिवणारे स्वयंसेवक असतात. त्यांत पालक असतात आणि माजी वादकही असतात. एकेकाळी मैदानावर टाळ्या घेतलेला माणूस आता कांदा चिरतो. कुणी त्याचा फोटो काढत नाही.

तिसरा नमुना मॅडिसन स्काउट्सचा. १९३८ पासून हे फक्त मुलग्यांचं पथक. २०१९ मध्ये त्यांनी ठरवलं की यापुढे मुलींनाही दारं उघडी. जुन्यांपैकी काहींना ते रुचलं नाही. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य सगळ्या देशांत सारखंच असतं म्हणायचं. माजी सदस्याची माया खरी असते, पण तिला हक्काची सवय पटकन लागते. पैसे दिले म्हणजे ठेका पण मीच ठरवणार, हा भाव आला की मदतीचं ओझं होतं.

चौथा नमुना जड आहे. न्यू जर्सीत १९३४ मध्ये एका चर्चच्या आश्रयाने सुरू झालेलं कॅडेट्स हे पथक. दहा वेळा विजेते. २०१८ मध्ये नऊ महिलांनी पथकाच्या दीर्घकाळच्या संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, ते वर्तमानपत्रात छापून आले. त्यांतल्या काही पथकाच्या माजी सदस्या होत्या. संचालकांना पद सोडावं लागलं. पुढे ऐंशीच्या दशकातल्या अत्याचाराच्या आरोपावरून खटला उभा राहिला आणि त्याचा खर्च झेपेना म्हणून २०२४ मध्ये नव्वद वर्षांचं हे पथक बंद झालं. "त्या बोलल्या म्हणून पथक बुडालं" असं म्हणणारेही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. माझ्या मते त्या बायकांनी पथकासाठी जे केलं ते देणगीदारांपेक्षा मोठं होतं, कारण त्यामुळे तिथे पुढे येणाऱ्या मुलींचा विचार करणं सगळ्याच पथकांना भाग पडलं. दहा विजेतेपदांचे फोटो शेअर करणारे माजी सदस्य खूप असतात. आपल्या लाडक्या संस्थेला अवघड प्रश्न विचारणारे थोडे.

आता आपल्याकडे या. पुण्यातल्या पथकांची जडणघडण वेगळी आहे, मान्य. आपल्याकडे वयाची अट नाही, सुपारीचे पैसे मिळतात, शाळांमधून आलेली परंपरा आहे. पण दुखणं ओळखीचं आहे. नदीपात्रातल्या सरावाला वीस वर्षांची मुलं-मुली रात्री दहापर्यंत थांबतात. तिथे दिवे आहेत का, मुली घरी कशा जातात, कानांची काळजी कोण घेतं, सुपारीचा हिशेब कोण लिहितं, कोण तपासतं? हे आम्ही जुन्यांनी किती वेळा विचारलं? मिरवणुकीच्या दिवशी पांढरा कुर्ता घालून मध्येच घुसायचं, कुणाचा तरी ढोल कमरेला बांधून चार ठोके मारायचे, फोटो काढायचा आणि निघायचं. मीही हेच केलंय. ज्या पोराचा ढोल मी घेतला होता, तो तेवढा वेळ बाजूला उभा होता. तीन महिने सराव त्याने केला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रुपवर लिहिलं की शेडच्या भाड्यातला माझा वाटा दर महिन्याला देतो आणि वर्षाचा हिशेब लिहायला रविवारी दोन तास येतो. माझं पोट हिशेबाच्या कामावरच चालतं, तेवढं तरी जमेल. खाली एकाने विचारलं, "मग यंदा वाजवणार का?"

नाही वाजवणार. बघायला येईन. तहान लागली तर पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे असतील.

तुम्हीही कुठल्या पथकाचे, मंडळाचे, शाळेच्या बँडचे माजी असाल तर कमेंटमध्ये जुना फोटो टाकू नका. या वर्षी त्यांना कशाची गरज आहे ते विचारून या आणि ते लिहा.