आधी विश्वास, मग पान्हा

गाय पान्हा चोरते, असे आपण म्हणतो. धार काढणारा अनोळखी असला, गोठ्यात कुत्रे शिरले किंवा वासरू जवळ नसले, की कासेत दूध असूनही ती ते सोडत नाही. मग गवळी वासराला दोन घोट पिऊ देतो, पाठीवरून हात फिरवतो, पुढ्यात सरकीची ढेप ठेवतो. वासरू मेले असेल तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तेही समोर उभे करीत. आमच्या विदर्भातल्या लांब शिंगांच्या नागपुरी म्हशीचीही हीच तऱ्हा. आणि गंमत अशी, की हाच शब्द आपण माणसांच्या मायेलाही लावतो. दुधाची आणि मायेची सांगड भाषेने केव्हाच घालून ठेवली होती. त्यामागचे रसायन सापडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

पियूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९०६ साली नोंदवले. १९१०मध्ये ऑट आणि स्कॉट या संशोधकांनी असाच अर्क शेळीला टोचला, तेव्हा तिचे दूध वाहू लागले. बाळाला जगात आणणारे आणि त्याला दूध पाजणारे द्रव्य एकच! त्याला पुढे ऑक्सिटोसिन म्हणू लागले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ जलद प्रसूती. नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक विन्सेंट डू विग्नो यांनी १९५३मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

इथवर ते बाळंतिणीचे औषध होते. त्याचे नाव विश्वासाशी जोडले गेले ते २००५ साली, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या एका प्रयोगाने. तो समजायला आपली भिशी आठवावी. आमच्या प्रताप नगरातल्या गल्लीत बाराजणींची भिशी आहे. प्रत्येकीने महिन्याला हजार रुपये द्यायचे, चिठ्ठी निघेल तिने बारा हजार न्यायचे. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली, तिने उरलेले अकरा महिने मुकाट्याने पैसे भरायचे. कागद नाही, सही नाही, जामीन नाही.

झुरिकच्या खेळातही असाच भरवसा लागत होता. एकाला बारा गुण द्यायचे. गुणांचे शेवटी पैसे होणार. त्यातले हवे तेवढे त्याने एका अनोळखी माणसाकडे पाठवायचे. पोचताना ते तिप्पट होणार, पण परत किती करायचे हे त्या अनोळखी माणसाच्या मर्जीवर. खेळणारे सगळे पुरुष. काहींच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारले, काहींच्या नाकात नुसताच फवारा. ऑक्सिटोसिन घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळे बारा गुण पाठवून दिले. दुसऱ्या गटात २९ पैकी फक्त ६ जणांनी. दोन वर्षांनी, २००७मध्ये, अमेरिकेतल्या पॉल झॅक यांच्या गटाने वाटणीच्या एका खेळात याच फवाऱ्याने माणसे ८० टक्के अधिक उदार झाल्याचे जाहीर केले. मग काय विचारता! विश्वासाचे रसायन सापडल्याचा डांगोरा पिटला गेला. कपड्यांवर फवारायच्या बाटल्यासुद्धा विकल्या गेल्या.

उतार लवकरच लागला. नेदरलँड्समध्ये कार्स्टन डी ड्रू यांना २०१०मध्ये असे दिसले, की ही माया मुख्यतः आपल्याच गटातल्यांवर पाझरते. २०१६मध्ये बेल्जियममधल्या एका प्रयोगशाळेने आपले कपाटात पडून राहिलेले प्रयोगही मोजले. बहुतेकांत फवाऱ्याचा परिणाम नव्हताच. हा प्रामाणिकपणा मला मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो. शेवटी २०२०मध्ये ६७७ जणांवर विश्वासाचा प्रयोग पुन्हा झाला. एकंदरीत विश्वास वाढल्याचे दिसले नाही. थोड्या माणसांच्या प्रयोगात योगायोगही शोधासारखा दिसतो. शिवाय नाकातला फवारा मेंदूपर्यंत कितीसा पोचतो, यावर अजून वाद आहे.

मला वाटते, गवळ्याचा क्रम बरोबर होता. आधी ओळखीचा हात, मग पान्हा. गाय बुजली तर घाबरण्याचे संप्रेरक उसळते आणि दूध अडते. भिशीतल्या बायकाही एकमेकींची बाळंतपणे, आजारपणे, पोरांच्या फिया सगळे जाणून असतात. भरवसा त्यातून येतो.

आपल्याकडे मात्र या संप्रेरकाने विश्वास घालवलाच. ते स्वस्तात बनू लागले आणि वासरू, ढेप, हात फिरवणे हे सगळे वगळून गाई-म्हशींना सरळ सुई टोचली जाऊ लागली. या गैरवापरावर बोट ठेवून केंद्र सरकारने एप्रिल २०१८मध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायला मनाई केली आणि काम एकाच सरकारी कंपनीकडे दिले. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला हेच इंजेक्शन लागते. एका कारखान्याचा पुरवठा अडला तर बाळंतिणींचे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये ती मनाई रद्द केली. दुधातून पोटात गेलेले ऑक्सिटोसिन पचून जाते, म्हणून तर ते टोचावे लागते. पण गिऱ्हाइकाच्या मनातली शंका काही पचत नाही. आमच्याकडचे काही जण अजून भांडे घेऊन गोठ्यावर जातात आणि डोळ्यांदेखत धार काढून घेतात. गवळी त्यांना सांगतो, जरा लांब उभे राहा, म्हैस बुजते.